करंटचं मशीन लावलंत, आता चाला

नमस्कार श्रोतेहो. गुडघे, कंबर, मान यांच्या दुखण्यासाठी जे फिजिओथेरपी घेतात, त्यांना ‘शेक आणि करंट’ ही जोडी चांगली ठाऊक असते. या करंटाचे प्रकार बरेच आहेत. त्यातला घरी वापरता येण्याजोगा प्रकार म्हणजे टेन्स, म्हणजे कातडीवर पॅड लावून मज्जातंतूंना सौम्य करंट देणं. तळहातावर मावणारं, बॅटरीवर चालणारं मशीन, दोन वायरी आणि चार चिकट पॅड, एवढाच त्याचा पसारा.

दुखण्यावर वीज वापरणं फार जुनं आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा टॉर्पेडो मासा लावायला सांगत असे! त्यामागचं शास्त्र उलगडू लागलं ते मात्र 1965 साली, रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांच्या सिद्धांतामुळे. कोपर दाराला आपटलं की आपण ते लगेच चोळतो आणि जरा बरं वाटतं. स्पर्शाचा संदेश जाड मज्जातंतूंमधून मज्जारज्जूत पोचतो आणि वेदनेच्या संदेशाला तिथेच अडवतो. टेन्स नेमकं हेच करतं. सेकंदाला साधारण 80 ते 100 स्पंदनं दिली, की मुंग्या येतात आणि दुखणं मागे पडतं. सेकंदाला दोन-चारच पण जोरकस स्पंदनं दिली, तर शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं.

माझं खरं सांगणं पुढेच आहे. पुष्कळजण मशीन अगदी हळू ठेवतात, अर्धा तास पलंगावर पडून राहतात आणि म्हणतात, “काही फरक नाही हो ताई.” करंट जेमतेम जाणवत असेल, तर फरक पडणार कसा? तो चांगला जोरात जाणवला पाहिजे, पण टोचता, भाजता किंवा स्नायू आखडता कामा नये. थोड्या वेळाने सवय होऊन मुंग्या कमी वाटू लागतात, तेव्हा आणखी एक टप्पा वाढवायचा.

आणि पडून राहायचं नाही! दुखणं कमी असतं तो वेळ हालचालीचा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार असलेल्या सुमारे 300 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांना रोज दोन तास, कामं करता करता टेन्स वापरायला सांगितलं होतं. चार आठवड्यांनी खऱ्या मशीनच्या गटात हालचालीच्या वेळचं दुखणं खोट्या, म्हणजे करंट न देणाऱ्या मशीनच्या गटापेक्षा कमी झालेलं आढळलं. गुडघ्याचे व्यायाम, घरातल्या घरात चालणं, उठबस हे सगळं मशीन चालू असतानाच करून घ्या.

पण मशीनने गुडघ्याची झीज भरून येत नाही, हेही लक्षात असू द्या. कोणते उपचार द्यावेत हे डॉक्टरांना सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असंच सुचवलं होतं. त्यामुळे सगळ्यांना गुण येईल असं मी सांगणार नाही. तरीही रोज गोळी घेऊन ज्यांचं पोट बिघडतं, मूत्रपिंडावर ताण येतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून हे जरूर करून पाहावं. पाळीच्या दुखण्यातही पुष्कळ मुलींना याने आराम पडतो.

पॅड लावण्याआधी बाम किंवा तेल चोळलेलं असेल, तर साबणाने धुऊन कातडी कोरडी करा. दोन पॅड गुडघ्याच्या वाटीच्या वर, दोन खाली. मशीन बंद असतानाच पॅड लावायचे आणि बंद करूनच काढायचे. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर तिथे लावू नका, करंट जास्त झाला तरी कळणार नाही आणि कातडी भाजेल. पेसमेकर असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नये. फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. गळ्यावर, डोळ्यांवर, छातीवर, जखमेवर, गाठीवर पॅड नकोत. गाडी चालवताना आणि झोपेत मशीन बंद.

पॅड कडेने सुटायला लागले की करंट उरलेल्या थोड्या जागेतून जातो आणि सुईसारखा टोचतो. असं झालं की करंट कमी करत बसू नका, पॅडच नवे आणा.