भाताची रास आणि शेवटची ओळ

[पडद्यावर: शेणानं सारवलेली कणगी. एक हात कोपरापर्यंत भातात.]

आजी असाच हात घालायची. जरा वेळ थांबायची आणि म्हणायची, "गरम लागतंय की रे. उद्या उन्हात काढा."

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आमचं घर. ऐन सुगीत पाऊस गाठतो, भात पुरतं वाळत नाही, आणि तसंच कणगीत भरलं की आतल्या आत तापायला लागतं. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो, आणि ओल जितकी जास्त तितकी धग जास्त. मग बुरशी येते, किडे येतात, भाताला कुबट वास लागतो. साठवणीच्या भातात ओलावा १४ टक्क्यांच्या आत असावा लागतो. आजी हे हातानंच ओळखायची. ती गेल्यावर कणगीजवळ गेलो तरी हात घालून नेमकं काय ओळखायचं, हे आम्हाला कुणालाच उमगेना.

[पडद्यावर: स्टीलचं टोक असलेली काळी वायर, वेळूच्या काठीला बांधलेली.]

हा डीएस १८बी२०. तापमान मोजणारा सेन्सर, करंगळीच्या पेराएवढा. तीन तारा आणि ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावून तो रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकाला जोडला. काठीला बांधून राशीच्या मधोमध खुपसला. तीन कणग्या, तीन सेन्सर.

या पायवर लिनक्स ही संगणकप्रणाली चालते, आणि सेन्सर तिला जोडला की तो तिथं चक्क एक टेक्स्ट फाइल होऊन बसतो. २८ आकड्यानं सुरू होणारं एक फोल्डर तयार होतं, त्यात एक फाइल, आणि ती उघडली की दोनच ओळी. पहिलीच्या शेवटी 'येस' असेल, तर आकडे वाटेत बिघडले नाहीत. दुसरीच्या शेवटी टी बरोबर ३१२५०. हजारानं भागलं की ३१.२५ अंश. त्यासाठी ना ॲप लागत, ना खातं उघडावं लागत.

माझी छोटी स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी या फाइली वाचते आणि दुसऱ्या एका फाइलीत एक ओळ वाढवते. तारीख, वेळ, तीन आकडे. दिवसाला १४४ ओळी. तीन महिने चाललं तरी सगळं मिळून अर्ध्या एमबीच्या आसपास. होम असिस्टंट, म्हणजे घरातल्या सेन्सरांवर नजर ठेवणारा प्रोग्राम, या फाइलीची फक्त शेवटची ओळ वाचतो आणि तोच आकडा दाखवतो. अट एकच, ते फोल्डर त्याच्या परवानगीच्या यादीत असायला हवं. कालच्या याच वेळेपेक्षा ३ अंश वाढले, तर तो सूचना लिहितो. तीही टेक्स्ट फाइलीतच.

इथं पावसात झाड तारेवर पडलं की वीज जाते, पाठोपाठ नेट जातं. फोनवर येणाऱ्या सूचनेचा तेव्हा काय उपयोग? ही फाइल घरातच असते. पाय आणि वायफाय इन्व्हर्टरवर चालतात, आणि ओसरीत खुंटीला टांगलेल्या जुन्या मोबाइलवर शेवटच्या पाच सूचना दिसत राहतात.

[पडद्यावर: ओसरी, खुंटीला मोबाइल.]

प्रत्येक सूचना दोनदा लिहिलेली आहे. आई मराठी वाचते. वहिनी धारवाडकडची, तिचं सगळं शिक्षण कन्नडमध्ये झालंय. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं आणि कन्नडचं प्रत्येक चिन्ह सारखेच तीन बाइट घेतं, त्यामुळं दोन्ही लिप्या एकाच फाइलीत मुकाट्यानं नांदतात. आमच्या भागात राहणाऱ्याला यात काय समाधान आहे, ते वेगळं सांगायला नको.

मागच्या सुगीत एका रात्री एक वाजून वीस मिनिटांनी सूचना आली. कणगी दोन, ८५ अंश.

आम्ही सगळे उठलो. बॅटरी लावून दादानं अर्धी कणगी उपसली. भात गारच होतं. वहिनी म्हणाली, "मशीनला ताप आलाय का बघा भावजी." सकाळी फाइल उघडून बसलो. एक दहाची ओळ ३१.२५. एक वीसची ८५. एक तीसची पुन्हा ३१.२५. वीस मिनिटांत एवढं भात तापून निवत नाही. शोधल्यावर कळलं, वीज मिळाल्या क्षणी या सेन्सरच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. मोजणी पुरी व्हायला पाऊण सेकंद लागतो. त्या मधल्या वेळेत वीज क्षणभर तुटली तर तो मोजलेलं नव्हे, हे ८५ देतो. आणि पहिल्या ओळीवर 'येस'च असतं, कारण आकडा वाटेत बिघडलेला नसतो. इन्व्हर्टरवर जाताना तेच झालं होतं, आणि एक जोडही सैल निघाला.

जोड झाळून घेतला. आता ८५ आला तर स्क्रिप्ट मिनिटभर थांबून पुन्हा वाचते, मगच होम असिस्टंटला आकडा देते. पण ती ८५ ची ओळ मी फाइलीतून काढली नाही, आणि पुढं तशी आली तरी काढणार नाही. सेन्सर जे बोलला ते तसंच लिहिलेलं राहायला हवं. ती ओळ मीच गाळली असती, तर त्या रात्रीचा उलगडा कधीच झाला नसता.

दुसरा त्रास अर्धवट ओळीचा. लिहिता लिहिता पाय बंद पडला की शेवटची ओळ तुटते, आणि होम असिस्टंट नेमकी तीच वाचतो. म्हणून ताजा आकडा आधी तात्पुरत्या फाइलीत पूर्ण लिहायचा आणि मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी ठेवायची. नाव बदलणं अर्धवट होत नाही. होम असिस्टंटला आता ही एका ओळीची फाइल दिली आहे, लांबलचक नोंद वेगळी चालू आहे.

[पडद्यावर: सूचनांची फाइल, सावकाश वर सरकत.]

ही परवाची सूचना. कणगी तीन, कालपेक्षा ३ अंश जास्त, हात घालून बघा. तिच्याखाली वहिनीनं स्वतः टाइप केलेली कन्नड ओळ आहे. हात घातला, कोमट आहे, उद्या अंगणात पसरू.