पहिले दहा प्रोफॉर्मे

विषय मला दिलाय "तरुण संशोधकांना घडवणं" असा भारदस्त, पण घडवायला ती काय मडकी आहेत का, त्यामुळे मी त्याबद्दल फार बोलणार नाही. मी बोलणार आहे तुमच्या थिसिसच्या प्रोफॉर्म्याबद्दल, म्हणजे प्रत्येक पेशंटची माहिती भरायचा तो छापील फॉर्म. गाईडने रेसिडेंटच्या, म्हणजे एमडी करणाऱ्या डॉक्टरच्या, शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि पहिले दहा प्रोफॉर्मे दोघांनी मिळून भरायचे, एवढंच माझं म्हणणं आहे, अर्धा तास मी हेच फिरवून फिरवून सांगणार, ज्यांची इमर्जन्सी ड्युटी आहे त्यांनी खुशाल आत्ता उठा.

आधी माझंच सांगते. माझा एमडीचा थिसिस हायपरटेन्शनवर होता, बीपी सगळं मी स्वतः घेतलेलं, पाऱ्याचं यंत्र घेऊन ओपीडीत रोज दुपारी दोनपर्यंत, आणि त्याचा मला भयंकर अभिमान. सबमिशनला पंधरा दिवस राहिले तेव्हा पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, एका सरांकडे मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटचे आकडे एकत्र मांडलेला तक्ता, घेऊन गेले, पी व्हॅल्यूचं गणित काढून द्या म्हणून. सरांनी चष्मा वर केला, बोटाने कॉलम खालपर्यंत नेला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या पेशंटच्या बीपीला दहाचा पाढा पाठ आहे वाटतं." मला कळलंच नाही. मग बघितलं तर काय, 130, 140, 150, 120, पाचसहा रीडिंग सोडली तर सगळी शून्यावर संपलेली. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे शेवटी 0, 2, 4, 6, 8 साधारण सारखेच यायला हवेत, शून्य पाचातून एकदा. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, बरं का, नुसतं कान आणि डोळे दमले की हात आपोआप गोल आकडा लिहितो. आणि गंमत अशी की हायपरटेन्शनची रेषाच 140 वर, म्हणजे 136 वाल्या किती जणांना मी आजारी करून टाकलं देव जाणे. गाईडची सही मात्र प्रत्येक पानावर होती, सुंदर सही होती. थिसिस पास झाला.

ते गाईड वाईट होते असं नाही, पेशंटसाठी रात्री दोनला उठून यायचे. त्यांना कुणी हे शिकवलंच नव्हतं, आणि त्यांनी आम्हाला शिकवलं नाही. पहिल्या आठवड्यात दहा रीडिंग शेजारी बसून बघितली असती तर तिथेच कळलं असतं.

आता तुम्ही म्हणाल आमचा तर चेन्नईच्या एनआयई या संस्थेचा संशोधन कसं करायचं याचा ऑनलाईन कोर्स झालाय, सर्टिफिकेट आहे. चांगला कोर्स आहे, करा. पण पोहायचा व्हिडिओ बघून कुणी रामकुंडात उडी मारत नाही ना.

टॉपिकचं घ्या. रेसिडेंट येतो, "मॅडम, टॉपिक द्या", आणि आपण कपाटातून काढून देतो, क्लिनिकल प्रोफाईल ऑफ अमुक इन अ टर्शरी केअर हॉस्पिटल. माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याला पॉयझनिंग हवं होतं. मी म्हटलं टॉपिक देत नाही, महिनाभर कॅज्युअल्टीत बस आणि जे चमत्कारिक वाटेल ते वहीत लिही. ऑक्टोबर होता. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची छाटणी सुरू असते, छाटणी झाली की काडीला पेस्टिंग करतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईड लावतात, बऱ्याच ठिकाणी हातानेच, कापडाच्या बोळ्याने. तर हा मुलगा येऊन म्हणतो, मॅडम, संध्याकाळी एक मजूर येतो, तोंड लालबुंद, छातीत धडधड, बीपी खाली, आणि प्रत्येकजण म्हणतो थोडीच घेतली होती हो. आम्ही दारू समजून सलाईन लावून सोडून देत होतो. मी विचारलं, दिवसभर काय करत होता हे कुणी विचारलं का? नाही विचारलं. सायनामाईड शरीरात गेलं की दारू पचवणारं एक एन्झाईम बंद पडतं, अल्डिहाईड साचतं, दारू सोडवायच्या गोळीवर प्यायलं की होतं तसंच. पुस्तकात आहे हे, नवीन शोध नाही. पण आमच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात काय होतं? "लेबर". झालं. त्याच दिवशी प्रोफॉर्म्यात दोन ओळी वाढल्या, आज कुठलं काम केलं आणि हातमोजे होते का. थिसिस नाही झाला त्यावर, सीझन संपला आणि पेशंट मोजून पाच मिळाले, शेवटी थिसिस त्याने दुसऱ्याच विषयावर केला. पण आता तो कुठेही असला तरी "लेबर" असं नुसतं लिहीत नाही.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर तुम्हाला माहीत आहेतच, विंचूदंशाचे. त्यांनी टॉपिक कुणाकडे मागितला नव्हता, पेशंट डोळ्यासमोर फुफ्फुसात पाणी होऊन जात होते आणि ते रात्रभर उशाशी बसून लिहून ठेवत होते. त्यातून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम उभं राहिलं, आणि 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलला त्यांची ट्रायल आली ती फक्त 70 पेशंटची. सत्तर! आणि आपण सॅम्पल साईझ शंभर ठेवायचा कारण आकडा छान दिसतो.

कन्सेंटवर थोडं बोलते. सुरगाण्याकडची एक बाई, रेसिडेंटने फॉर्म वाचून दाखवला, "मी स्वेच्छेने सहभागी होण्यास संमती देत आहे" वगैरे, तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ऑपरेशन कधी हाये?" बरोबर आहे तिचं, दवाखान्यात अंगठा ऑपरेशनलाच मागतात. आपलं मराठी तिला आपल्या इंग्रजीइतकंच परकं. पुन्हा साध्या भाषेत सांगितलं, रक्त एकदाच घेणार, नाही म्हणालीस तरी औषध तेच मिळणार, तेव्हा ती म्हणाली मग एवढा मोठा कागद कशाला. वाचता न येणाऱ्या पेशंटला अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, वॉर्डातल्या सिस्टरला हाक मारून तिची सही घेतली की झालं असं नसतं.

सीटीआरआयचं, म्हणजे देशातल्या ट्रायल नोंदवायच्या रजिस्टरचं, एका वाक्यात, 1 एप्रिल 2018 पासून ट्रायलचं रजिस्ट्रेशन पहिला पेशंट घ्यायच्या आधीच लागतं, नंतर करू, एथिक्स कमिटीचं परवानगीचं लेटर तर आलंय, हे चालत नाही. आणि पेपरवर नावं कुणाची हे सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या, कारण एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणून नाव लागतं असा नियम कुठल्याही जर्नलचा नाही. कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा नीट तपासण्यात हात, शेवटच्या ड्राफ्टला होकार, आणि उद्या कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी, नाव लागायला हे चारही हवं. हे बोलल्यावर स्टाफरूममध्ये माझ्याशी चहा कोण पितं बघू.

वेळ कुठून आणायचा हे विचारणार तुम्ही, मला माहितीय. दहा प्रोफॉर्म्यांना दोन दुपारी लागतात. दोन वर्षांनी मास्टर चार्ट निस्तरायला महिना जातो, तो मी घालवलेला आहे.

आणि हो, माझा तो थिसिस अजून लायब्ररीत आहे. मागच्या वर्षी एका मुलीने सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, आणला, आधीच्या अभ्यासांच्या रिव्ह्यूमध्ये माझंच नाव, माझी टक्केवारी, एकदम दशांश चिन्हासकट. मी म्हटलं हा संदर्भ काढ. ती म्हणते, "का मॅडम, तुमचाच आहे ना?" म्हटलं, म्हणूनच सांगतेय, आणि बीपीचं यंत्र घेऊन ये, आपण दोघी ओपीडीत बसू.