कोपऱ्यातला माणूस: रूडी गोबेअर आणि प्लेऑफमधला डिफेन्स

मंडळी, एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफमध्ये, मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, उंच खेळाडूचा डिफेन्स म्हणजे बचाव कसा जोखायचा, हा आजचा जाहीर विषय. त्याच्या तीन कसोट्या मी सांगणार आहे. पण त्याआधी एक सामना उलगडायलाच हवा, कारण रिंगची राखण करणाऱ्या सात फुटी रूडी गोबेअरचं नाव काढलं की प्रत्येक वादात तोच सामना पुढे केला जातो. १८ जून २०२१, लॉस एंजेलिस, गोबेअरचा तेव्हाचा संघ यूटा जॅझ विरुद्ध क्लिपर्स, मालिकेतला सहावा सामना.

त्या सामन्याच्या क्लिप्स किती जणांनी बघितल्यात? हात वर करा. जवळजवळ सगळेच. आणि पूर्ण सामना? चार हात. इथेच घोळ आहे. क्लिपमध्ये शेवटचे दोन सेकंद दिसतात: क्लिपर्सचा टेरन्स मॅन कोपऱ्यात मोकळा, बॉल येतो, तो शूट करतो आणि गोबेअर हात उंचावून उशिरा धावत येतो. त्या बास्केटचा दोष गोबेअरच्या नावावर लागतो.

आधी पार्श्वभूमी. यूटाने त्या मोसमात ५२ जिंकले, २० हरले. लीगमध्ये सर्वांत चांगली कामगिरी त्यांची. गोबेअरला वर्षातला सर्वोत्तम डिफेन्डर हा किताब तिसऱ्यांदा मिळाला, तोही हीच मालिका चालू असताना. यूटा २-० ने पुढे होतं. चौथ्या सामन्यात क्लिपर्सचा कवाय लेनर्ड गुडघ्याने बाहेर गेला. सहाव्यात मध्यंतराला यूटा ७२-५०, मग ७५-५०. पंचवीस गुणांची आघाडी! शेवटी क्लिपर्स १३१-११९ ने जिंकले. म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात एकट्या क्लिपर्सचे ८१ गुण. मॅनचे ३९, त्यात १० पैकी ७ थ्री, म्हणजे रेषेबाहेरून तीन गुणांचे शॉट. हा मॅन ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, दुसऱ्या फेरीत, ४८व्या क्रमांकावर निवडलेला.

आता यंत्रणा बघा. क्लिपर्सचे प्रशिक्षक टाय लू यांनी रिंगजवळ खेळणारा उंच सेंटरच खेळवला नाही. बाटुम, मॉरिस, मॅन, पॉल जॉर्ज, रेजी जॅक्सन: पाचही जण बाहेरून शूट करणारे, पाचही जण थ्रीच्या रेषेबाहेर पसरलेले. रिंगखाली कोणीच नाही. मग गोबेअर कोणाला धरणार? यूटाने त्याला मॅनवर ठेवलं. त्यामागे हिशोब होता. पाचांत मॅनचं शूटिंग त्यातल्या त्यात सोडून द्यावं असं, म्हणजे गोबेअरला त्याच्यापासून सुटून रिंगजवळ राहता येईल.

इथे एक नियम सांगतो, कारण आपण इकडे फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो आणि हा मुद्दा आपल्या नजरेतून निसटतो. एनबीएमध्ये डिफेन्डरलाही तीन सेकंदांचं बंधन आहे. हाताच्या अंतरावरच्या कोणाला धरलेलं नसेल तर पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही; थांबलात तर समोरच्याला एक फ्री थ्रो आणि बॉलही त्याच्याकडेच. फिबात हे बंधन नाही, तिथे गोबेअर रिंगखाली तंबू ठोकून उभा राहू शकतो. एनबीएत त्याला आत-बाहेर करत राहावं लागतं.

जॅक्सन वरून ड्राइव्ह करतो, बॉल घेऊन रिंगकडे घुसतो. समोरचा गार्ड पहिल्याच पावलाला मागे पडतो. आता गोबेअरसमोर दोन वाटा. मॅनला चिकटून राहिला तर जॅक्सनला रिंगजवळून रिकामं ले-अप. पुढे आला तर कोपरा मोकळा. तिथून रिंग २२ फूट, म्हणजे ६.७१ मीटर. फिबाचा कोपरा ६.६० आहे, त्यामुळे आपल्या मैदानावर अंदाज येईल. जॅक्सनचा पास तिथे एका सेकंदाच्या आत पोचतो. गोबेअर ७ फूट १ इंच उंच, हातांचा पसारा पावणेआठ फुटांच्या आसपास. पण थांबलेल्या अवस्थेतून वळून अठरा-वीस फूट धावायचं आणि शेवटच्या दोन-तीन पावलांत आखूड पावलं टाकून वेग मारायचा, हात शूटरच्या डोळ्यांपुढे न्यायचा. वेग मारला नाही तर एका पंप-फेकवर, शूट करण्याच्या खोट्या हुलकावणीवर, मॅन बाजूने निघून जातो. हे क्लोजआउट, शूटरवर असं धावून जाणं, कोणत्याही माणसाला त्या वेळात जमत नाही. सात फुटीला नाहीच, सहा फुटीलाही नाही.

साधा गुणाकार करा. समजा ले-अप शंभरात पासष्ट पडतात: एका प्रयत्नाला १.३ गुण. कोपऱ्यातला मोकळा थ्री शंभरात चाळीस: १.२ गुण. म्हणजे गोबेअरने मदतीला पुढे येणं चूक नव्हतं! चूक त्याआधीच्या पावलाला झाली होती. यूटाचा मिचेल दुखऱ्या घोट्यावर खेळत होता. कॉनली मांडीच्या दुखापतीमुळे आधीचे पाचही सामने बाहेर बसून त्या दिवशी परतला होता. क्लार्कसन, बोगदानोविच, इंगल्स यांपैकी वेगवान गार्डला समोर रोखून धरणारा कोणीच नव्हता. तो एकटा रॉइस ओनील. आणि पुढे आलेल्या गोबेअरची जागा भरायला तिसऱ्या माणसाने कोपऱ्याकडे सरकायला हवं, चौथ्याने तिसऱ्याची जागा घ्यायला हवी. ही साखळी वेळेवर फिरलीच नाही.

कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच पटेल. कोपरा रेडरच्या घोट्यावर झेप घेतो आणि कव्हर साथीला येत नाही. रेडर त्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. गुणफलकावर बाद कोण? कोपरा. पण मैदानाच्या कडेला बसलेल्या जुन्या खेळाडूला विचारा, तो कव्हरलाच बोल लावेल. बास्केटबॉलच्या प्रेक्षकाला ही नजर का नसावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यूटाला करण्यासारखं काही नव्हतं का? होतं. प्रशिक्षक क्विन स्नायडर यांना झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा डिफेन्स, लावून बघता आला असता. मॅनचे तीन-चार थ्री पडल्यावर गोबेअरची जोडी बदलता आली असती. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या टोकाला त्या ठेंगण्या फळीकडून किंमत वसूल करणं, गोबेअरला रिंगखाली बॉल देणं, आक्रमक रिबाउंडवर, म्हणजे आपल्याच हुकलेल्या शॉटच्या बॉलवर, तुटून पडणं. त्याचे हात बॉल झेलताना अडखळतात, गर्दीत त्याला स्वतःहून गुण काढता येत नाहीत. हा त्याच्यावरचा खरा आक्षेप. पण तो डिफेन्सचा नाही.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. तर कसोट्या, भराभर.

पहिली: बॉलवाल्याला पहिल्या पावलाला कोण चुकलं ते बघा, शेवटच्या हाताकडे नंतर. गोबेअर २०२२ मध्ये मिनेसोटाला गेला. तिथे पुढे बॉलवाल्याला रोखणारे मॅक्डॅनिअल्स, एडवर्ड्स, अलेक्झांडर-वॉकर. तोच माणूस, तोच ड्रॉप, म्हणजे मागे सरकून रिंग राखणं, आणि २०२३-२४ चा लीगमधला सर्वोत्तम डिफेन्स त्यांचा. गोबेअरला चौथा किताब. गतविजेत्या डेन्व्हरला त्यांनी सातव्या सामन्यात, दुसऱ्या अर्ध्यात वीस गुणांनी मागे पडूनही ९८-९० ने हरवलं. होय, दुसरा सामना गोबेअरशिवाय १०६-८० ने जिंकला होता. तेही याच कसोटीने समजतं, पुढची फळीच तेवढी घट्ट होती.

दुसरी: त्याला कोणावर ठेवलंय? त्याच मालिकेत डेन्व्हरच्या सेंटर योकिचवर मिनेसोटाचा टाउन्स आणि गोबेअर मागे मदतीला, ही मांडणी चालली. पाचव्या सामन्यात योकिचने गोबेअरला एकास एक गाठलं आणि ४० गुण, १३ असिस्ट (बास्केट घडवणारे पास) केले. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ अंगाला अंग भिडवून खेळताना, ताकदीच्या आणि पायांनी फसवणाऱ्या माणसासमोर तो कमी पडतो, हे मी मान्य करतो.

तिसरी: ठेंगणी फळी लावल्याची किंमत त्याने वसूल केली का? २०२१ मध्ये नाही. ३० एप्रिल २०२५, लेकर्सविरुद्ध पाचवा सामना: मिनेसोटाचे ४७ पैकी फक्त ७ थ्री पडले, तरी १०३-९६ ने जिंकले, कारण गोबेअरचे २७ गुण आणि २४ रिबाउंड.

आणि डॅलसच्या लुका डॉन्चिचचा तो शॉट कोणीतरी विचारणारच. मे २०२४, दुसरा सामना, मिनेसोटा १०८-१०६ ने पुढे, लुकासमोर गोबेअर, मागे पाऊल घेत स्टेप-बॅक थ्री, तीन सेकंद बाकी, डॅलस १०९-१०८. तिथे मी गोबेअरला बाकावर बसवलं असतं. दोन गुणांची आघाडी असताना आतलं ले-अप गेलं तर फक्त बरोबरी होते, सामना जातो तो थ्रीने. त्या एका पझेशनला रिंगच्या राखणदारापेक्षा स्विचमध्ये, म्हणजे जोड्या अदलाबदल करताना, लुकाला अंतर न देणारा पाचवा माणूस हवा होता. उरलेली चाळीस मिनिटं मात्र गोबेअर मैदानावरच. आता प्रश्न विचारा, आणि ज्यांनी पूर्ण सामना बघितलाय त्या चौघांनी आधी.