बर्फ उतरल्यावरचं तळं

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल लागला की नाशकातल्या ट्रेकर मंडळींच्या गप्पांत काश्मीरची तळी येऊ लागतात. विशनसर, कृष्णसर, गडसर, गंगाबल. कळसूबाई झालेलं असतं, साल्हेर झालेला असतो, आता पाय शिवशिवत असतात. त्यातल्या काहींच्या सॅकमध्ये यंदा गळाची काठीही जाणार आहे, कारण या तळ्यांत ट्राउट आहे. म्हणून आज ट्राउटविषयी बोलतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी, बर्फ नुकतं उतरलेलं असताना, हा मासा तळ्यात असतो कुठे आणि खातो कधी, एवढंच.

आधीच सांगून टाकतो, गंगापूर धरणावर शिकलेलं निम्मं इथेच ठेवून जा. आपल्याकडे गळ टाकणारा मे महिन्यात पहाटे निघतो. उजाडायच्या आत सावरगाव, गंगावऱ्ह्याच्या बाजूला काठ धरतो, कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ लावतो आणि ऊन चढलं की तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळतो. इथे ते बरोबरच आहे. काठाचं पाणी तापलं की चिलापीसारखा चिवट मासा सोडला तर बाकीचे खोल सरकतात. पण जूनच्या शेवटी गंगाबलला याच सवयीने गेलात, तर पहाटे पाचपासून कुडकुडत बसाल, आठला वैतागून तंबूत शिराल, आणि मासा काठाला येईल दहाच्या पुढे!

याचं कारण पाण्याच्या तापमानात आहे. ट्राउट थंड पाण्यातला मासा. साधारण 10 ते 16 अंशांच्या पाण्यात तो भुकेला आणि चपळ असतो. पाणी 4-5 अंशांवर असेल तर तो जिवंत असतो, पण सुस्त. समोरून गेलेल्या किड्यामागे पळण्याची त्याची तयारी नसते. 20 अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो. ही तळी साडेतीन हजार मीटरच्या वर आहेत. तिथे जूनमध्येही कडेला बर्फाचे पट्टे असतात. आणि पाणी सगळ्यांत जड असतं 4 अंशांना. त्यामुळे बर्फाखालचं तळं उलटं असतं, वर शून्याजवळचं पाणी आणि तळाशी त्यातल्या त्यात उबदार. बर्फ गेलं, वारा सुटला, की सगळं पाणी ढवळून एकसारखं थंड होतं. मग ऊब पहिल्यांदा कुठे येणार? काठाला. गुडघाभर पाणी, खाली काळे दगड, वरून स्वच्छ ऊन. दोन-तीन तासांत तिथलं पाणी मधल्या पाण्यापेक्षा थोडं वर चढतं आणि तेवढ्यावर सगळं फिरतं. किडे हलायला लागतात, त्यांच्यामागे मासा येतो.

म्हणून पहिली चूक टाळा. लांब, तळ्याच्या मध्यावर गळ फेकू नका. मासा तुमच्या पायाशी असू शकतो. काठापासून चार पावलं मागे उभं राहा, कपडे भडक नकोत, सावली पाण्यावर पडू देऊ नका. पाणी इतकं नितळ असतं की तुम्हाला तो दिसायच्या आधी तुम्ही त्याला दिसलेले असता.

तो खातो काय, हे पाहायला गळ लागत नाही. पाण्यातला एक दगड उचलून उलटा करा. खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी, वाळूच्या बारीक कणांची चिकटवलेली नळी दिसेल. थोडा वेळ हात स्थिर ठेवलात तर नळीच्या तोंडातून सहा पाय आणि काळपट डोकं बाहेर येतं. ही कॅडिस माशीची अळी. घर अंगावर घेऊनच हिंडते. पण या दिवसांत ट्राउटचं पोट भरतं ते मुख्यतः त्याहून लहान किड्यांवर. डासासारखी दिसणारी, पण न चावणारी एक माशी असते. तिच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात, आपल्या धरणांच्या गाळातही असतात. ऊन तापलं की तिचे कोष हळूहळू वर येतात आणि पृष्ठभागाखाली क्षणभर अडकतात. ट्राउट तिथेच त्यांना टिपतो. आवाज नाही, उडी नाही. नाकाचा शेंडा वर येतो, एक लहानसं वर्तुळ उठतं. तेव्हा स्पिनरपेक्षा, म्हणजे पाण्यात फिरणाऱ्या मोठ्या चमकत्या आमिषापेक्षा, 14 ते 18 नंबरच्या लहान गळावर बांधलेली काळी, बारीक नकली माशी बरी. आणि ती ओढू नका, नुसती तरंगत राहू द्या. इथे आपल्या माणसाचा धीर सुटतो.

दुपारी वारा सुटतो. माशी फेकणं अवघड जातं म्हणून बहुतेक जण वाऱ्याला पाठ देणारा काठ शोधतात. मी म्हणेन, वारा तोंडावर येतो तो काठ धरा. वरचं उबदार पाणी आणि त्यावरचे किडे वारा तिकडेच ढकलतो. तळ्यातून नाला बाहेर पडतो ती जागाही या दिवसांत चांगली, कारण तिथे वरचं पाणी अन्न घेऊन वाहतं. वितळत्या बर्फाचा नाला आत येतो ती जागा मात्र जूनमध्ये फार थंड. जुलै संपताना तळं तापलं की ती कामाची.

खालच्या नाल्यांचं गणित वेगळं. सकाळी पाणी कमी आणि स्वच्छ, दुपारपर्यंत वर बर्फ वितळून पाणी चढतं, गढूळ होतं. त्यामुळे नाल्यावर सकाळ, तळ्यावर दुपार.

आता दरवेळी विचारला जाणारा प्रश्न. हा मासा आपल्या धरणांत सोडता येईल का? नाही. कळसूबाईचा माथाच 1646 मीटर, आणि आपली धरणं त्याच्या कितीतरी खाली. उन्हाळ्यात तिथलं पाणी ट्राउटला सोसणार नाही. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. समुद्रसपाटीला 10 अंशांच्या लिटरभर पाण्यात 11 मिलिग्रॅमच्या आसपास, तर 30 अंशांना साडेसात. निलगिरी आणि मुन्नारच्या उंचावर तो जगला, सह्याद्रीच्या आपल्या भागात तशी थंडी नाही. आणि तो काश्मीरचाही नव्हे. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास ब्राउन ट्राउट तिथे आणला, श्रीनगरजवळ हारवनला त्याची पैदास केली. हिमालयाचा मूळचा ‘स्नो ट्राउट’ म्हणतात तो नावालाच ट्राउट. कुळाने आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद.

परवाना मत्स्य विभागाकडून आधी घ्या. किती मासे ठेवता येतील ते त्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. बाकीचे सोडायचे तर टोकाला उलटा काटा नसलेला गळ वापरा आणि मासा हातात घेण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर जवळ ठेवा. दुपारी ढग जमून गडगडायला लागलं तर काठी खाली ठेवून काठापासून दूर व्हा. कार्बनची काठी वीज वाहून नेते, तेव्हा मासा कितीही वर येत असला तरी त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा.

नमस्कार.