सांदवाडीतली बोडी आणि तिचा सांडवा

बोडी भरल्याचं आमच्या आजीला चुलीपाशी बसूनच कळायचं. घरामागे सांदवाडी, सांदवाडीच्या टोकाला बोडी, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं लहान तळं, आणि बोडीच्या उजव्या कोपऱ्यातून जास्तीचं पाणी दगडांवरून खालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरायचं. रोवणीच्या दिवसांत एखाद्या रात्री तो आवाज सुरू झाला की आजी म्हणायची, "बोडी बोलली." घरातली माणसं निश्चिंत झोपायची. मला आज त्या सांडव्याबद्दल, जास्तीचं पाणी जाण्याच्या त्या तोंडाबद्दलच बोलायचं आहे. बोडी दुरुस्त करायची म्हटलं की आपण सगळे पाळीकडे, म्हणजे भोवतीच्या मातीच्या बांधाकडे, आणि गाळाकडे धावतो. मीही तसाच धावलो होतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या भागाला तलावांची ओळख करून देण्याची गरज नाही. जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, ताब्यातले मोठे माजी मालगुजारी तलावच सहा हजारांच्या वर आहेत, आणि बोड्या तर शेतोशेती. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, त्या दानाला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. कोहळी समाजाने या कामात पिढ्या घालवल्या. नवेगाव बांधचा तलाव तर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, मोठे तलाव सरकारकडे गेले, आणि रोज पाळीवरून फेरी मारणारा माणूस हळूहळू दिसेनासा झाला. घरच्या बोडीला मात्र ते कारण देता येत नाही. ती आपलीच होती आणि आपल्याच डोळ्यांसमोर फुटली.

आमची बोडी साधारण वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. काही वर्षांपूर्वी सांडव्याचे दगड हलले, म्हणून एका मिस्त्रीकडून सिमेंटने लिंपून घेतले. धार जाड पडावी, शोभून दिसावी, म्हणून त्याने तोंडाची रुंदी एका फुटावर आणली. आम्हालाही ते आवडलं. दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी आवाज बदलला. पाणी दगडावर पडल्यासारखं वाजेना, रांजणात ओतल्यासारखा घुमा आवाज येऊ लागला. लिंपणाच्या मागून पाणी वाट काढत होतं, आतली माती नेत होतं. ते कळेपर्यंत पोळा आला, आणि पोळ्याच्या आदल्या रात्री सांडवा लिंपणासकट बांधीत जाऊन पडला. बांधीतला धान चिखलाखाली गेला.

त्यानंतर आम्ही घाईघाईने मातीची पोती रचून तोंड बंद केलं, पण बोडी तरीही उतरत राहिली. काही जण म्हणाले, ऊन पितं. म्हणून जानेवारीत एक साधा प्रयोग केला. एक बादली पाण्याने भरून बोडीतच दगडावर अशी ठेवली, की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला राहील. शेजारी खुणा केलेली काठी रोवली. दहा दिवसांत बादलीतलं पाणी तीन सेंटिमीटर उतरलं, बोडीतलं अकरा. बादलीत उतरलं ते उन्हावाऱ्याचं. वरचे आठ सेंटिमीटर जमिनीतून जात होते. त्या वेळी पाणी अडीचशे चौरस मीटरवर पसरलेलं होतं, म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच हजार लिटर. दिवसाला दोन हजार लिटर पाणी कुठेतरी चाललं होतं. हा हिशोब मांडल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही.

कुठून चाललं होतं ते आमच्या गावच्या मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवर काकांनी शोधून दिलं. ते म्हणाले, "मास्तर, पाळीवर नोका पाहू. पाळीच्या मांगं जा अन् अनवानी चालून पाहा." चाललो. दोन ठिकाणी पायाला गारवा लागला. एक सांडव्याच्या बगलेला. दुसरा पाळीच्या मधोमध, जिथे पूर्वी बाभूळ होती तिथे. झाड तोडलं होतं, पण मुळं आत कुजली आणि त्यांच्या जागी पाण्याला आयते बोळ मिळाले. पाळीवर मोठं झाड वाढू देऊ नका, ते याचसाठी. झिरपणारं पाणी निवळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ झालं तर समजा पाळीची माती निघाली आहे, त्याच दिवशी हालचाल करा.

दुरुस्ती धान निघाल्यावर, बोडी आटत आली की करायची. वरून माती लोटून भोक बुजत नाही. बाभळीच्या जागी आम्ही पाळ मीटरभर रुंद कापली, सगळी मुळं काढली, आणि खाली घट्ट जमीन लागल्यावर आणखी फूटभर आत गेलो. जुन्या मातीला पायऱ्या पाडल्या, पाणी शिंपडलं, टिकासाने खरबरीत केलं. नाहीतर नवी माती जुनीला धरत नाही आणि सांध्यातून पुन्हा पाणी जातं. भरायला कन्हार, म्हणजे काळी चिकण माती, वापरली. कन्हार पाणी अडवते, पण वाळली की तडकते, त्यामुळे ती उघडी ठेवायची नाही. मधे कन्हारीचा गाभा, दोन्ही अंगांनी आणि वरून मुरुमाचं पांघरूण. मातीचा गोळा वळावा पण हाताला चिखल लागू नये, एवढीच ओल हवी. वीतभराच्याही आतला थर टाकायचा, धुम्मसाने ठोकायचा, मगच पुढचा. हे काम कंटाळवाणं आहे. यात घाई केली तर सगळी मजुरी पाण्यात जाते.

गाळाबद्दल एवढंच सांगतो: तळाची चिकट माती लागली की थांबा. जेसीबीने तिला भोक पाडलं तर बोडी पुन्हा पाणी धरत नाही. आम्ही बेशरम मुळासकट उपटली, पण एका कडेचं देवधान आणि पाणवनस्पती राहू दिल्या. मरळीला तिथेच आसरा मिळतो.

आता सांडवा. वरचा उतार एक एकराचा. तासाभरात साठ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाहून आला, तर सेकंदाला चाळीस लिटर पाणी बोडीत येतं. बोडी आधीच भरलेली असेल तर तेवढंच सांडव्यातून जायला हवं. एक फुटाच्या तोंडातून ते अठरा सेंटिमीटर जाडीने उसळतं. तेच तोंड दीड मीटर रुंद केलं तर सहा-सात सेंटिमीटरची शांत चादर होते. आम्ही दीड मीटर ठेवलं. पाळीचा माथा तोंडापेक्षा दीड-दोन फूट उंच ठेवला, कारण नवी माती पुढे बसते.

खाली उतरायला एक उंच उडी न ठेवता पाच पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीचा दगड रुंद, मागच्या बाजूला किंचित कललेला, वरच्या दगडाखाली नीट शिरलेला. दगडांच्या मागे खडी, तिच्यामागे ठोकलेली कन्हार. वरच्या तोंडाखाली आणि शेवटच्या पायरीखाली दगडाची आडवी भिंत जमिनीत उतरवली, म्हणजे पाणी खालून उकरणार नाही. पायथ्याशी गुडघाभर खोल डोह ठेवला. पडणारं पाणी आधी पाण्यावर पडतं, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि मग ते बांधीत जातं. दोन्ही बगलांना वाळा लावला. त्याची मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतात.

गेल्या आषाढात बोडी भरली. रात्री दोन वाजता मला जाग आली. आवाज एकसारखा होता, दगडावरचा, पाच ठिकाणी वेगवेगळा. मी कंदील घेऊन मागे गेलो. डोहातून बाहेर पडणारं पाणी ओंजळीत घेतलं, ते निवळ होतं.

डाव्या टोकाला एक ओल अजून आहे. बांबूची पन्हळ लावून तिच्याखाली तांब्या ठेवतो आणि दर रविवारी घड्याळ धरून तो किती वेळात भरतो ते वहीत लिहितो. मार्चमध्ये तिथली पाळ उघडायची आहे. ज्यांच्या बोड्या झिरपतात त्यांनी त्या आठवड्यात यावं, येताना पावडा आणि घमेलं घेऊन यावं. आत काय निघतं ते सगळे मिळून पाहू.