11 फुटांचा वड

माईक जरा लांबच ठेवा, माझा आवाज तसाही मोठाय. मंडळाची पोरं म्हणाली काका यंदा दिवाळीच्या किल्ल्यातल्या झाडांवर बोला, मी म्हटलं बुरुजांवर बोललं तर लोक येतात, झाडांसाठी कोण येणार, पण बरेच जमलाय की, चहा ठेवलाय म्हणून असेल.

गेल्या दिवाळीत आपल्या बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळ असे गल्लीगल्लीतले किल्ले बघत हिंडलो. येळ्ळूरचा राजहंसगड चारपाच ठिकाणी होता, आणि येळ्ळूर आपल्याला जवळ, पोरं स्वतः वर चढून बघून येतात त्यामुळं तटबंदी एकदम झकास जमलेली. पण झाडं? हिरव्या घासणीचा तुकडा, त्याला खाली टूथपिक, झालं झाड. एकाला विचारलं हे काय रे, तर म्हणतो वड आहे काका. मी खिशातली पट्टी काढली, माझ्या खिशात असते, घरचे हसतात. मावळा 2 इंच, वड 4 इंच. आता मावळा साडेपाच फुटाचा धरा, म्हणजे 66 इंच, त्याचे केले 2, म्हणजे सगळं 33 पट बारीक. मग 4 इंचाचा वड खरा किती? 132 इंच, 11 फूट. 11 फुटांचा वड कुणी बघितलाय काय? खरा 50 फुटी वड करायचा तर दीड फूट उंच पाहिजे, मावळा त्याच्या खोडाशी मुंगीसारखा दिसायला हवा, तेव्हा कुठं वड वाटतो.

मग लगेच कुणीतरी म्हणणार, दीड फुटाची झाडं लावली तर किल्लाच दिसायचा नाही. बरोबर आहे, म्हणून मोठी झाडं सगळी पुढं, पायथ्याला, दोनतीनच, आणि वर चढत जाल तशी बारीक करत न्यायची, वरची बोटाच्या पेराएवढी, वरचे मावळेपण छोटे घ्यायचे, मग तीन फुटाचा ढिगारा खरंच लांबवरचा डोंगर वाटतो. आपण नेमकं उलटं करतो, उंच झाड मागं भिंतीला, फोटोत उंच पोरं मागं उभी करतात तसं.

आता सामान. घराच्या वायरिंगची दीड एमएमची वायर उरलेली असते बघा, इलेक्ट्रिशियन टाकून जातो. ती सोलली की आत तांब्याच्या 22 तारा, केसापेक्षा जाड. फूटभराचे दोन तुकडे घ्या, 44 तारा झाल्या. खालची इंचभर मोकळी सोडा, ती मुळं, पसरून मातीत रुतवायची. वर दोन इंच सगळ्या एकत्र पिळा, ते खोड. मग वाटण्या करा, पण सारख्या नकोत, 18, 14 आणि 12, कारण झाडाच्या फांद्या भावाभावांच्या वाटणीसारख्या असतात, एकाला जास्त जातंच. प्रत्येक वाटणी थोडी पिळायची, परत दोन भाग, परत पिळायची, शेवटी दोनतीन तारा मोकळ्या राहिल्या की थांबायचं. उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडं जळकी तार मिळते, तीपण चालते, फक्त तिच्यावरचं वार्निश पॉलिश पेपरनं घासून काढा, जाळू नका, धूर वाईट असतो. खोडाला फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा आणि चिमूटभर तांबडी माती कालवून लेप द्यायचा, वाळताना आपोआप भेगा पडतात, ती साल.

मी एका वर्षी फेविकॉल वाचवायला मैद्याची खळ वापरली होती. झाडं सुंदर झाली, जपून माळ्यावर ठेवली. आपला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जूनमध्ये बुरशी आणि ऑगस्टमध्ये झुरळं, गणपतीला बॉक्स उघडला तर आत नुसती तार.

पानांसाठी गादीवाल्याकडं फोमची कातरणं. मी कानडीत विचारलं एष्टु, म्हणजे किती, तो म्हणाला तगोरी, असंच न्या, पोतंभर दिलं. बारीक तुकडे करून मिक्सरला, पण पाणी घालून फिरवा, कोरडा फोम नुसता वर नाचतो. मिक्सर जुना घ्या, नवा घेतलात तर जेवण बाहेर. पिळून पोस्टर कलरमध्ये बुडवायचं, आणि इथंच सगळे चुकतात, बाटलीतला हिरवा जसाच्या तसा वापरतात. त्यात पिवळा आणि थोडा काव घाला, तीन छटा करा, गडद खाली, फिका वर, कारण ऊन वरनं पडतं. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, तेवढ्यानं ते नीट पसरतं, फांदीच्या टोकांना लावून भुगा भुरभुरायचा. आणि हात आवरायचा! जांबोटीकडं जाताना एखादं मोठं झाड बघा, आरपार आभाळ दिसतं, पानांचे गठ्ठे आणि मध्ये भोकं. सगळं भरून टाकलंत की फ्लॉवरचा गड्डा झाला.

माडाचं काही विशेष नाही, अगरबत्तीची काडी आणि कागदी पट्ट्या. दसऱ्याचा झेंडू उपटाल तेव्हा मुळी फेकू नका, धुवून वाळवून उलटी रोवा, पानं झडलेलं झाड फुकटात तयार, तारेचीही गरज नाही.

हां, मागनं कोण, उभा राहून विचार. झाडावर कावळा बसवू काय? बसव की. कावळा खरा दीड फुटाचा, म्हणजे तुझा अर्ध्या इंचाचा झाला पाहिजे. पट्टी देऊ?