कागदाचा 'अ‍ॅपल' आणि त्याची बैलगाडी

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण कागदाचा उपग्रह करणार आहोत. कात्री, पट्टी, फेव्हिकॉल आणि एखादी संपलेली रिफिल घरात असतेच, तेवढी शोधून ठेवा. कार्डशीट मात्र आणावं लागेल. झेरॉक्सचा नेहमीचा कागद 70-75 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचा असतो, त्याचा उपग्रह उभाच राहत नाही. आपल्याला 180 ते 200 जीएसएमचा हवा. त्याहून जाड घेतलात तर घरचा प्रिंटर तो ओढत नाही आणि गोल वळवताना त्याला मोडी पडतात.

आता उपग्रह कोणता? बरेच जण आर्यभट म्हणतील. 1975 चा, आपला पहिला, जुन्या दोन रुपयांच्या नोटेमागं असायचा तो. पण त्याला 26 बाजू आहेत! नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये. माझा आग्रह 'अ‍ॅपल'चा. फोनवाला नव्हे, 1981 साली गेलेला, आपला पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह. आकार अगदी पिठाच्या डब्यासारखा, व्यास 1.2 मीटर आणि उंचीही तेवढीच. चोवीस पटींनी लहान केला की पाच सेंटिमीटर व्यास, पाच सेंटिमीटर उंची. म्हणजे पाच सेंटिमीटर रुंद आणि पावणेसोळा सेंटिमीटर लांब पट्टी, शिवाय चिकटवायला एक सेंटिमीटर जास्त. ए-फोर कागदावर आरामात मावते.

छापताना मोजमाप 100 टक्केच ठेवा. पानात बसवण्याचा एक पर्याय असतो, तो चालू राहिला की प्रिंटर गुपचूप सगळं थोडं लहान करतो. मग एका पानावरचं झाकण दुसऱ्या पानावरच्या नळकांड्यावर बसता बसत नाही. पुन्हा सांगते, मोजमाप 100 टक्के.

दुसरी गोष्ट, कागदाला कल असतो. शीट आडवं आणि उभं, दोन्हीकडून हलकं वाकवून बघा. एकीकडून मुकाट वाकेल, दुसरीकडून कुरकुरेल. मुकाट वाकतं तिकडून नळकांडं वळवायचं. आणि घडी हवी तिथं आधी रिफिलनं रेघ दाबायची, मग दुमडायचं. आधी रेघ, मग घडी. फेव्हिकॉल काडीच्या टोकानं, दिसेल न दिसेल एवढाच. सेलोटेपला मी हात लावू देत नाही. वर्षभरात पिवळा पडतो आणि उपग्रह जुन्या रेशनकार्डासारखा दिसायला लागतो. तयार प्रकल्प विकणाऱ्या स्टेशनरी दुकानांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही, पण ते राहू दे.

डोक्यावर थाळीसारखी अँटेना येते, खरी 90 सेंटिमीटरची, आपली पावणेचार. कागद एका वेळी एकाच दिशेला वळतो, वाटीसारखा खोल होत नाही. म्हणून गोल कापून मध्यापर्यंत एक चीर द्यायची, कडा किंचित एकमेकींवर सरकवायच्या आणि चिकटवायच्या. उथळ शंकू होतो, लांबून थाळीच वाटते.

झाला उपग्रह. पण श्रोतेहो, या मॉडेलला बैलगाडीही लागते, आणि मला खरं म्हणजे तिच्याबद्दलच बोलायचं होतं.

बंगळूरला 'इस्रो'नं हा उपग्रह औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये साधारण दोन वर्षांत उभा केला. आर. एम. वासगम प्रकल्पाचे संचालक होते. जमिनीवरून उपग्रहाला हुकूम द्यायचे आणि त्याची खबर घ्यायची, त्यासाठीच्या अँटेनेची चाचणी बाकी होती आणि त्या रेडिओसंपर्कात काहीतरी अडत होतं. चाचणी मोकळ्या मैदानात हवी. आता उपग्रह मैदानात ठेवायचा कशावर? ट्रकवर ठेवला तर खाली सगळं लोखंड. रेडिओलहरी लोखंडावर आपटून परत फिरतात, मग यंत्रात जो आकडा दिसतो तो उपग्रहाचा की ट्रकचा, कसं ओळखणार? तुम्ही आत्ता ट्रान्झिस्टरवर ऐकत असाल तर तो लोखंडी कपाटाला टेकवून बघा. माझा आवाज बदलेल, कदाचित गायबच होईल. आणि परत जागेवर ठेवा हं, गोष्ट संपलेली नाही.

अशा चाचण्यांसाठी खास खोली असते. तिच्या भिंतींना लहरी गिळून टाकणारे फोमचे सुळके लावलेले असतात. तेव्हा ती सोय हाताशी नव्हती. मग लोखंडाऐवजी लाकूड पाहिजे, उपग्रहाचं वजन पेललं पाहिजे आणि मैदानात फिरवता आलं पाहिजे. ही यादी घेऊन कुणी बाजारात गेलं असतं तर काय मिळालं असतं? बैलगाडी! ती आणली, तिच्यावर उपग्रह चढवला आणि चाचणी झाली.

तो फोटो तुम्ही पाहिला असेल. खाली बैल, वर उपग्रह. लोक तो पाहून म्हणतात, बिचारे, ट्रकलाही पैसे नव्हते. अहो, ट्रक नको होता म्हणून बैलगाडी आणली! गरिबी होती, नाही कशाला म्हणू? पण बैलगाडी ही गरिबी नव्हती, ते मोजमापाचं साधन होतं. सायकलवर रॉकेटचा भाग नेतानाचा फोटो वेगळा, तो साठच्या दशकातला, केरळमधल्या थुंब्याच्या रॉकेटतळावरचा. दोन्हींची गल्लत करू नका. 2014 मध्ये मंगळयान पोचल्यावर 'न्यूयॉर्क टाइम्स'नं गाय घेऊन अवकाश-क्लबचं दार ठोठावणारा भारतीय शेतकरी काढला होता आणि पुढं माफीही मागितली होती. मला विचाराल तर त्यांनी आधी हा फोटो नीट बघायला हवा होता.

तर 19 जून 1981 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून 'आरियान' या युरोपीय रॉकेटच्या तिसऱ्या चाचणी उड्डाणातून अ‍ॅपल निघाला. भाडं नव्हतं, कारण रॉकेटचीच अजून परीक्षा चालू होती. शेवटचा धक्का देऊन वर पोचवणारी मोटर आपली, आपल्याच एसएलव्ही-3 या रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून घडवलेली. या उपग्रहावरून दूरदर्शनचे कार्यक्रम तर गेलेच, रेडिओ केंद्रं जोडण्याचे प्रयोगही झाले, म्हणून आम्हा रेडिओवाल्यांना त्याचा जरा जास्त जिव्हाळा.

वेळ संपत आली, गाडीचं पटकन सांगते. त्याच मापात बैल खांद्यापाशी साधारण सहा सेंटिमीटरचा. पायांसाठी कार्डशीटचे दोन थर चिकटवा, एका थराचे पाय वाकतात. गाडीला चकाकी लावू नका, ती लाकडाचीच दिसली पाहिजे. उपग्रह तिच्यावर नुसता ठेवा, चिकटवू नका, म्हणजे उचलून दोऱ्यानं टांगताही येतो.

टांगणार असाल तर बाजूंना कागदाचे दोन सौरपंखही लावा, त्यांना कागदाची बिजागरी करा आणि एकच पंख उघडा. वर गेल्यावर अ‍ॅपलचा एक पंख उघडलाच नाही. तरीही तो दोन वर्षांहून अधिक काळ कामाला होता. दोन्ही पंख पसरलेलं मॉडेल कुणी दाखवलं तर त्यांना सांगा, एक मिटा.

नमस्कार.